ख्रिस्ती कॉलेज की सरकारी विद्यापीठ?

प्रश्न : मी अहिल्यानगरला एका शाळेत शिक्षक आहे. आम्ही पाच पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच झाली. तिला जीवशास्त्र शिकायचं आहे. माझी मेहुणी शिकागोजवळ राहते. तिच्या आधारावर आम्ही मुलीला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. इलिनॉय राज्यातच दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक इव्हँजेलिकल ख्रिस्ती कॉलेज आहे, तिथे थोडी शिष्यवृत्तीही आहे. दुसरं अर्बाना-शँपेनचं सरकारी विद्यापीठ. मला वाटतं तिनं ख्रिस्ती कॉलेजात जावं, आपल्या माणसांत राहील. एवढ्या मोठ्या सरकारी विद्यापीठात चार वर्षांत तिचा विश्वास टिकेल का, ही धास्ती वाटते. ती म्हणते, "पप्पा, त्या कॉलेजात सगळे गोरेच असतील, मीच एकटी पडेन." शिवाय त्या कॉलेजनं विश्वासाचं निवेदन आणि वागणुकीचे नियम सहीसाठी पाठवले आहेत. त्यातल्या काही गोष्टी आमच्या मंडळीत कधी शिकवल्या गेल्या नाहीत. तिला सही करू द्यावी का? १ मेपर्यंत कळवायचं आहे.
– एक पालक, नगर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीचा अंदाज बराचसा बरोबर आहे, हे आधी सांगते. तुमची काळजी मला समजते, पण ती भलत्या ठिकाणी लागली आहे. ख्रिस्ती कॉलेजात आपली माणसं आणि सरकारी विद्यापीठात परकी, असं तुम्ही धरून चालला आहात. इव्हँजेलिकल म्हणजे बायबलचा अधिकार, स्वतः अनुभवलेलं मनपरिवर्तन आणि सुवार्ता सांगणं यांवर भर देणारे प्रोटेस्टंट. अमेरिकेतले असे विद्यार्थी नेमके कोण आणि ते शिकतात कुठे, हे पाहिलं तर तुमच्या मुलीपुरतं हे गणित जवळजवळ उलटं होतं.

अमेरिकेची जनगणना लोकांना धर्म विचारत नाही. ते काम प्यू रिसर्च सेंटर ही संस्था मोठ्या पाहण्या करून करते. तिच्या २०१४ च्या पाहणीत दर चार प्रौढांमागे एक जण इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट होता. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण २३ टक्क्यांवर आलं. २०१४ च्या त्या इव्हँजेलिकलांत ७६ टक्के गोरे, ११ टक्के लॅटिनो, ६ टक्के काळे आणि अवघे २ टक्के आशियाई वंशाचे होते. काळ्या समाजाच्या परंपरेने चालत आलेल्या मंडळ्या प्यू वेगळ्या मोजते, म्हणून काळ्यांचा आकडा एवढा लहान दिसतो. जवळपास निम्मे इव्हँजेलिकल दक्षिणेकडच्या राज्यांत राहत होते. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या बाजूला, म्हणजे ईशान्येकडे, फक्त ९ टक्के. पदवीधर होते २१ टक्के, तेव्हा एकूण अमेरिकन प्रौढांत पदवीधर होते २७ टक्के.

या आकड्यांवरून कुणालाही वाटेल की नामवंत विद्यापीठांत इव्हँजेलिकल विद्यार्थी फारसे नसणार, आणि जे असतील ते गोरे असणार. प्रत्यक्षात गेल्या तीस-चाळीस वर्षांत वेगळंच घडलं. रेबेका किम या समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी कॅम्पसवरच्या कोरियन-अमेरिकन इव्हँजेलिकल मुलांचा अभ्यास केला. त्यांनी येल विद्यापीठाचं उदाहरण दिलं आहे. तिथला 'कॅम्पस क्रुसेड' या इव्हँजेलिकल विद्यार्थी-संघटनेचा गट एके काळी पूर्ण गोरा होता. साधारण वीस वर्षांत तो ९० टक्के आशियाई वंशाच्या मुलांचा झाला. येल हे एकच ठिकाण नाही. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत संध्याकाळच्या बायबल अभ्यासाला बसलेल्या मुलांत कोरियन, चिनी, तैवानी घरांतली मुलं भरपूर दिसतात. देशभराच्या इव्हँजेलिकलांत आशियाई २ टक्के आणि विद्यापीठातल्या एखाद्या गटात तेच बहुसंख्य, अशी ही तफावत आहे.

ही तफावत १९६५ च्या कायद्यातून आली. त्या वर्षी अमेरिकेनं देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आशियातून डॉक्टर, इंजिनियर, नर्स, शास्त्रज्ञ यायला लागले. कोरियाहून आलेल्यांत ख्रिस्ती लोक आधीपासूनच पुष्कळ होते. २०२३ च्या प्यूच्या आकड्यांनुसार कोरियन-अमेरिकनांत ५९ टक्के ख्रिस्ती आहेत, आणि एकूण कोरियन-अमेरिकनांतले ३४ टक्के स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतात. या घरांत शिक्षणाचा ध्यास जबरदस्त आणि रविवारची मंडळी म्हणजे अख्खं गाव. तिथेच जेवण, तिथेच मुलांचे कोरियन भाषेचे वर्ग, तिथेच नोकरीच्या ओळखी. अशा घरातली मुलं मोठ्या विद्यापीठांत मोठ्या संख्येनं पोचली, आणि घरापासून लांब आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी शोधली ती मंडळी. गोऱ्या इव्हँजेलिकल घरांतल्या पुष्कळ मुलांची वाट मात्र वेगळी होती. ती गावाजवळच्या कॉलेजात गेली, किंवा चर्चच्या ओळखीतून एखाद्या ख्रिस्ती कॉलेजात.

त्या ख्रिस्ती कॉलेजांबद्दलही सरसकट बोलून चालत नाही. शिकागोजवळचं व्हीटन कॉलेज १८६० चं आहे. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांनी ते उभारलं आणि अभ्यासाच्या बाबतीत त्याचा दबदबा आहे. मिशिगनमधलं कॅल्व्हिन १८७६ चं, डच वंशाच्या रिफॉर्म्ड मंडळीचं. व्हर्जिनियातली लिबर्टी युनिव्हर्सिटी १९७१ मध्ये जेरी फॉलवेल या पाळकांनी काढली. तिचे विद्यार्थी एक लाखाच्या वर आहेत, पण त्यातले बहुतेक घरी बसून ऑनलाइन शिकतात. म्हणजे 'इव्हँजेलिकल विद्यार्थी' या शब्दांत अठरा वर्षांची वसतिगृहातली मुलगी येते, तशी दोन मुलं सांभाळत रात्री असाइनमेंट लिहिणारी चाळिशीची बाईही येते. आवारात राहून शिकणाऱ्यांपुरतं बोलायचं तर या कॉलेजांत मुली मुलांपेक्षा जास्त असतात आणि गोरी मुलं साधारण बहुसंख्य असतात. पुष्कळ जण खासगी ख्रिस्ती शाळांत किंवा घरीच शिकून आलेले असतात. अनेकांची उन्हाळी शिबिरं, गाणी, लहानपणच्या आठवणी एकच. तुमची मुलगी 'एकटी पडेन' म्हणते ते रंगावरून तर आहेच, पण मला वाटतं या सामायिक बालपणावरून अधिक आहे. त्या गप्पांत शिरायला तिला वेळ लागेल.

आता एक गोष्ट, जी नगरच्या माणसाला सांगायला मला मनापासून आवडेल. तुमच्या पूर्वजांपर्यंत सुवार्ता पोचली ती बहुधा अमेरिकन मराठी मिशनमार्फत. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला आलं. त्यामागे अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनकार्य चालवणारी संस्था होती, आणि बोर्डामागे मुख्यतः तिथल्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपला कारभार आपणच पाहणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्या. त्या मंडळ्यांतल्या बहुतेक १९५७ मध्ये 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या संघात सामील झाल्या. आज हा संघ अमेरिकेत इव्हँजेलिकल गणला जात नाही. तो 'मेनलाइन' म्हणजे जुन्या, प्रस्थापित प्रोटेस्टंट मंडळ्यांत, त्यातही उदारमतवादी बाजूला मोडतो. म्हणजे ज्यांनी नगरला शाळा आणि चर्च बांधली त्यांचे आजचे वारस आणि तुम्ही निवडू पाहता ते कॉलेज, हे अमेरिकेच्या धर्मजीवनात दोन वेगळ्या बाजूंना उभे आहेत. म्हणूनच त्या निवेदनातल्या काही गोष्टी तुम्हाला अनोळखी वाटल्या. तुमच्या मंडळीत काही कमी राहिलं, असं अजिबात समजू नका.

तिकडच्या विद्यार्थी-चळवळीतही आपल्या मातीचा माणूस आहे. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. वडील तिथे मिशनरी होते. पुढे ते प्रिन्स्टनला शिकले. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजच्या मुलांचं शिबिर भरलं होतं. शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी मिशनकार्याला वाहून घ्यायची तयारी दाखवली. त्यामागे वाइल्डर यांची धडपड मोठी होती. त्यातूनच 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' उभी राहिली. पुढच्या पिढ्यांत तोच उत्साह नव्या संघटनांनी उचलला. 'इंटरव्हर्सिटी' अमेरिकेत १९४१ मध्ये सुरू झाली, 'कॅम्पस क्रुसेड' १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. तिनंच २०११ मध्ये 'क्रू' हे नाव घेतलं. आणि तुमच्या मुलीला प्रवेश मिळालेलं जे अर्बाना आहे, तिथेच १९४८ पासून जवळजवळ साठ वर्षं इंटरव्हर्सिटीची मोठी मिशन परिषद भरत होती. २००६ मध्ये ती सेंट लुईसला गेली, तरी तिचं नाव अजून 'अर्बाना'च आहे. तुम्ही ज्या विद्यापीठाला भिताय ते इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांच्या दुनियेत इतकं ओळखीचं आहे.

मग विश्वास टिकण्याचा प्रश्न. कॉलेजात गेली की पोरं देवाधर्मापासून तुटतात, असं तिकडचे पाळकही वर्षानुवर्षं सांगत आले. २००७ मध्ये तीन समाजशास्त्रज्ञांनी तरुण अमेरिकनांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं ते असं, की विशीच्या आसपास चर्चला जाणं सगळ्यांचंच कमी होतं, पण कॉलेजात न गेलेल्यांचं ते जास्त कमी होतं. धर्म सोडून देण्याचं प्रमाणही कॉलेजात न गेलेल्यांतच जास्त. कॉलेज हे कारण नव्हतं. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. विद्यापीठात मुलीला विश्वासाबद्दल अवघड प्रश्न विचारले जातील, आणि त्याच आवारात ते प्रश्न घेऊन बसायला सोबतीही मिळतील. तिनं ती सोबत शोधायला हवी, एवढंच. ख्रिस्ती कॉलेजात सोबत आयती मिळते, ठरलेल्या दिवशी चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या उपासनेला, हजेरी लावावीच लागते. काही मुलांना ती शिस्त आधार देते. काही मुलं चार वर्षं फक्त हजेरी लावतात. तुमची मुलगी यातली कोणती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. इकडे तुम्ही आग्रह न करता ती तरुण संघाला जाते का? उपासना संपल्यावर रेंगाळते की लगेच घरी येते?

ती अर्बानाला गेली तर पहिल्या आठवड्यांतच वेगवेगळ्या गटांची मुलं टेबलं मांडून बसलेली दिसतील. मोठ्या विद्यापीठांत आशियाई-अमेरिकन मुलांचे वेगळे गट असतात, काळ्या मुलांचे असतात, परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे असतात. विमानतळावरून आणायचं, जुनी खुर्ची-टेबल मिळवून द्यायचं, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलवायचं अशी कामं ते मनापासून करतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त. त्यामुळे हे गट भारतीय मुलांकडे लक्ष देऊन असतात. इथे तुमच्या मुलीला एक विचित्र अनुभव येण्याची शक्यता आहे, त्याची तयारी घरीच करून द्या. भारतीय मुलगी म्हणजे हिंदू, असं धरून तिला सुवार्ता सांगायला कुणीतरी येईल. ती ख्रिस्ती आहे म्हटल्यावर विचारतील, "तू कधी ख्रिस्ती झालीस?" आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात विचारतील, "तुझं आडनाव असं कसं?" प्यूच्या २०२३ च्या आकड्यांत भारतीय-अमेरिकनांत ४८ टक्के हिंदू आणि १५ टक्के ख्रिस्ती आहेत. भारतातल्या ख्रिस्ती लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा हे कितीतरी जास्त. पण त्या ख्रिस्ती लोकांत केरळची माणसं उठून दिसतात. नगरचं मराठी ख्रिस्ती घर असतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती एक टक्काही नाहीत, त्यामुळे आपल्याबद्दल सांगावं लागणं तिला नवीन नाही. फरक एवढाच, की इथे ती ख्रिस्ती म्हणून वेगळी होती, तिथे ख्रिस्ती लोकांतही वेगळी ठरेल. हे तिला माहीत असू द्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'अभंगांजली' आणि 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक बरोबर द्या. कुणी ऐकायला मागितलं तर तिला म्हणता आलं पाहिजे.

दुसरी तयारी जरा कठोर आहे. बहुतेक गट चांगले, मोकळे असतात. काही मात्र मुलांना गुंतवून ठेवतात. आठवड्याच्या प्रत्येक संध्याकाळी बैठक लावणारा, अभ्यास किंवा मावशीकडे जाणं कमी करायला सांगणारा, कुणाशी मैत्री करावी हे 'मार्गदर्शक' ठरवतील म्हणणारा, दुसऱ्या मंडळीत गेलीस तर विश्वास कच्चा म्हणणारा गट असेल, तर तिनं तिथून त्याच दिवशी निघावं. निघताना कुणाची समजूत घालत बसायची गरज नाही. गटाचा पूर्णवेळ कार्यकर्ता कोण आणि त्याचा पगार कुठून येतो हेही तिनं विचारावं. इंटरव्हर्सिटी आणि क्रूसारख्या संघटनांत कार्यकर्ते आपला पगार स्वतः देणगीदारांकडून उभा करतात, हे उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. मला मात्र एक गोष्ट खटकते. ज्यांच्या ओळखी सुखवस्तू मंडळ्यांत असतात त्यांना हे जमतं, बाकीच्यांना जड जातं. म्हणून कधी कधी गटातली मुलं आशियाई, काळी, लॅटिनो आणि कार्यकर्ते मात्र गोरे, असं चित्र दिसतं. ते पाहून तिनं लगेच मन विटू देऊ नये. पण तिचं ऐकून घेणारं कुणी तिथे आहे का, हे जरूर पाहावं.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात सांगते. अमेरिकेत 'इव्हँजेलिकल' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर रिपब्लिकन पक्ष येतो. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. आशियाई आणि लॅटिनो इव्हँजेलिकलांची मतं अशी एका बाजूला झुकलेली नाहीत, आणि काळ्यांची तर बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. ख्रिस्ती कॉलेजांत प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातही यावरून वाद होतात. तिथे जायचं ठरलं तर मुलीनं तिथल्या दोन-तीन परदेशी विद्यार्थिनींशी फोनवर बोलावं आणि निवडणुकीच्या वर्षी वसतिगृहात वातावरण कसं होतं ते विचारावं. कॉलेजचं प्रवेश कार्यालय अशा मुलींशी गाठ घालून देतं.

सहीचं म्हणाल, तर त्या दोन कागदांतला फरक नीट समजून घ्या. विश्वासाचं निवेदन काही कॉलेजांत फक्त प्राध्यापकांना मान्य करावं लागतं, काहींत विद्यार्थ्यांनाही. वागणुकीचे नियम मात्र जवळपास सगळीकडे विद्यार्थ्यांना लागू असतात: दारू-तंबाखू, लग्नाआधीचे संबंध, समलिंगी संबंध, चॅपलची हजेरी. हे नियम नावापुरते नसतात. व्हीटनमध्ये विद्यार्थ्यांच्या पहिल्या अधिकृत नृत्याला परवानगी मिळायला २००३ साल उजाडलं. त्याच कॉलेजात २०१५ च्या डिसेंबरमध्ये लॅरिशिया हॉकिन्स या प्राध्यापिकेनं मुस्लिमांशी एकजूट दाखवायला हिजाब घातला आणि आपण एकाच देवाची उपासना करतो असं लिहिलं. कॉलेजनं त्यांना रजेवर पाठवलं आणि काही महिन्यांतच त्या कॉलेज सोडून गेल्या. तेव्हा 'सही करून टाक, पुढचं पुढे' असं तिला सांगू नका. अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या पहिल्याच मोठ्या कागदावर मनात नसलेलं लिहायला लावणं मला बरोबर वाटत नाही, आणि तुम्ही शिक्षक आहात, तुम्हालाही वाटणार नाही. ज्या मुद्द्यांवर अडतंय ते तिनं स्वतःच्या शब्दांत कॉलेजला ईमेलनं लिहावेत: आम्ही सीएनआयचे, आमच्याकडे हे असं शिकवलं जातं, तुमच्याकडे चालेल का? उत्तर मोकळेपणानं आलं, तर त्या कॉलेजबद्दल माझं मत बरंच चांगलं होईल. छापील परिच्छेद परत आला, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

पैशांकडे शांतपणे बघा. शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे की पहिल्याच वर्षाची, आणि किती गुण टिकवले तर ती चालू राहते, हे लेखी घ्या. सरकारी विद्यापीठ म्हणून ते स्वस्त असेल असं समजू नका. परदेशी विद्यार्थ्यांना राज्यातल्या मुलांची सवलत मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यातून फी निघत नाही. जीवशास्त्रासाठी प्रयोगशाळा, संशोधनात हात घालायची संधी आणि विषयांची निवड पाहिली तर अर्बाना फारच पुढे आहे. लहान कॉलेजात प्राध्यापक मुलीला नावानं ओळखतील, हेही खरं आहे.

माझं मत विचाराल तर पैशांचा मेळ बसत असेल तर अर्बाना. तिथे तिला देशोदेशीच्या मुलांबरोबर बसून बायबल वाचता येईल, वाद घालता येईल, आणि शिकागो बसनं तीन तासांच्या आसपास असल्यानं सणासुदीला मावशीकडे जाता येईल. पैशांमुळे ख्रिस्ती कॉलेजच निवडावं लागलं तर तेही वाईट नाही. फक्त मावशीच्या ओळखीनं जवळपासची एखादी भारतीय किंवा मिश्र मंडळी पहिल्या महिन्यातच शोधून ठेवा, म्हणजे रविवारी तरी तिला स्वतःबद्दल खुलासे द्यावे लागणार नाहीत.

१ मेच्या आधीच्या या दिवसांत तिलाच दोन्हीकडे फोन करू द्या. तुम्ही शेजारी बसा, बोलू मात्र तिला द्या. तुमच्या पाळकांचं शिफारसपत्र तयार असेलच. ते दोन प्रतींत घ्या, एक प्रत अर्बानाच्या विद्यार्थी-गटालाही पाठवता येईल.